संकलन केंद्राचं यंत्र आणि चौथी पायरी: प्रकल्पाच्या नोंदी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोड्या अंतरावर आमची गावची दूध उत्पादक सहकारी संस्था आहे. सभासद ९४, दोन्ही वेळचं मिळून संकलन साधारण ५६० लिटर. मी इथे सात वर्षं काम करते. पहिली दोन वर्षं मदतनीस, मग दोन संकलन कारकून, आणि गेली तीन वर्षं टेस्टर, म्हणजे दुधाची फॅट तपासणारी. संचालक मंडळाने कामगारांसाठी पायऱ्यांचा तक्ता केला आहे, त्यात चौथी पायरी ‘प्रकल्प जबाबदार’ अशी आहे. ती मिळवायची तर एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या नावावर घ्यायचं आणि त्याचा हिशेब वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांपुढे मांडायचा. सभासदांनी हात वर केले तर पायरी, आणि पगारात महिन्याला १,८०० रुपयांची वाढ.

माझ्या वाट्याला आलेलं काम म्हणजे हातमापाचं संकलन इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि मिल्क ॲनालायझरवर, म्हणजे दुधाची फॅट मोजणाऱ्या यंत्रावर नेणं. या नोंदी केंद्रातल्या वहीत लिहिल्या होत्या. दुसऱ्या गावच्या संस्थेत कुणी हेच करायला घेईल म्हणून जरा नीट करून देते आहे. चुका आणि रकमा होत्या तशाच ठेवल्या आहेत.

१४ एप्रिल २०२४

संचालक मंडळाची बैठक. यंत्राचा ठराव मंजूर, खर्चाची मर्यादा १,४५,००० रुपये. चेअरमनकाका माझ्याकडे बघून म्हणाले, “बाय, तूंच पळय हें.” (तूच बघ हे.) मी लगेच हो म्हटलं. आनंदात तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या: किती रुपयांपर्यंतचा खर्च मी स्वतः करू शकते, अडलं तर कोणाला विचारायचं, आणि काम झालं असं कधी म्हणायचं. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे बैठकीच्या नोंदवहीतही माझं नाव आलं नाही, नुसतं ‘टेस्टरने पाहावे’ एवढंच.

४ मे

वीस दिवस गेले, हातात तीन कोटेशन आणि काहीच नक्की नाही. पहिलं कोटेशन २० एप्रिललाच आलं होतं. त्यात ॲनालायझरसोबत वीकली क्लीनरचा (यंत्राच्या आठवड्याच्या सफाईचा) डबा धरला नव्हता. तो धरायचा की नाही, हे विचारायला मी सेक्रेटरीताईंकडे गेले. त्या म्हणाल्या चेअरमनना विचार. चेअरमनकाका काजूच्या बागेत. हंगाम भरात, बोंडू वेचून संध्याकाळी उशिरा घरी, आणि तेव्हा माझी संध्याकाळची टेस्टिंग चालू. डबा जेमतेम ४०० रुपयांचा. त्याच्यासाठी चार दिवस गेले. पुढे काट्याचं ताट स्टीलचं की ॲल्युमिनियमचं यावर तीन दिवस. यूपीएसवर पाच.

याचा दोष मी कुणाला देत नाही. प्रत्येक बारीक गोष्ट विचारत सुटले ते मीच. टेस्टर म्हणून काम करताना ठरलेल्या पद्धतीबाहेर बोट हलवायचं नाही ही सवय अंगी मुरलेली होती, आणि टेस्टरला ती शोभतेही. इथे ती आड आली.

६ मे

सेक्रेटरीताई स्वतःच म्हणाल्या, एक कागद करू. त्यावर तीन रकाने पाडले: ‘मी ठरवीन’, ‘मी करून कळवीन’, ‘मी आधी विचारीन’. पहिल्यात २,००० रुपयांपर्यंतचं साहित्य, विक्रेत्याशी वेळ ठरवणं, मदतनीसांच्या पाळ्या. दुसऱ्यात ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च, दोन दिवसांत व्हाउचरसह. तिसऱ्यात त्यावरचं सगळं. आठ दिवसांनी एकदा, रविवारी सकाळच्या संकलनानंतर चेअरमनकाका, सेक्रेटरीताई आणि मी अर्धा तास बसायचं. कागदावर तिघांच्या सह्या, एक प्रत प्रोसिडिंग बुकात चिकटवली.

त्याच संध्याकाळी कोटेशन नक्की केलं. उद्या लोकसभेचं मतदान असल्याने विक्रेत्याचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार.

हा कागद १४ एप्रिललाच व्हायला हवा होता. ज्यांना असं काम मिळेल त्यांनी ‘हो’ म्हणण्याच्याच बैठकीत तो मागावा. मागितल्याने कुणाचा अपमान होत नाही, उलट संचालकांनाही सोपं जातं.

२१ मे

माल आला. ॲनालायझर चालू केला तर आकडे उड्या मारायला लागले. एकाच बाटलीतलं दूध तीनदा दिलं तर फॅट ४.१, ३.६, ४.४. तंत्रज्ञाने यंत्र बाजूला ठेवलं आणि मीटर काढून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज बघितला. १४ आला. आमची इमारत जांभ्याच्या सड्यावर. मे महिन्यात तो दगड वाळून खडखडीत होतो, मग जुन्या खड्ड्यातल्या अर्थिंगला ओल कुठून मिळणार? यंत्र परत नेऊन बदलून आणा असं मी म्हणायच्या बेतात होते. तसं केलं असतं तर महिना वाया गेला असता.

खर्च ६,८०० रुपये, म्हणजे तिसरा रकाना. विचारलं, त्याच दिवशी होकार. नवा खड्डा खणला, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला पाइप. २४ तारखेला पुन्हा मोजलं तर दोनच्या खाली. उन्हाळ्यात दर आठवड्याला एक बादली पाणी त्या पाइपात ओतायचं, हे आता मदतनीसाच्या कामांच्या यादीत आहे.

३१ मे

वजनकाट्याने नऊ दिवस खाल्ले. काटा नवा, कंपनीचा, पण वजन-माप खात्याची तपासणी होऊन मोहोर लागल्याशिवाय त्यावर सभासदांचं दूध मोजून पैसे देता येत नाहीत. विक्रेता ते करून देतो असं मी धरून चालले होते. त्याने ‘मोहोर तुमची तुम्ही’ असं कोटेशनच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी पुढचंच पान वाचलं होतं. अर्ज, फी आणि दोन फेऱ्या मिळून १,१५० रुपये. ज्या दिवशी ऑर्डर दिली त्याच दिवशी हा अर्ज तयार ठेवला असता तर हे नऊ दिवस वाचले असते.

९ जून

पाऊस लागला. आजपासून दुहेरी पद्धत: दहा दिवस जुनं आणि नवं बरोबरीने. दर संकलनात दहा नमुने निवडायचे, त्यांची फॅट यंत्रावरही घ्यायची आणि गर्बर या जुन्या, हाताने करायच्या पद्धतीनेही. म्हणजे ब्युटिरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या काचनळीत) १० मि.ली. आम्ल, १०.७५ मि.ली. दूध, १ मि.ली. अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवायचं. हात त्यालाच सरावलेला आहे, त्यामुळे वेळ फार जात नाही. तरी सकाळचं काम साडेसातला संपायचं ते सव्वानऊला संपलं. रांगेत उभ्या बायका चिडल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

बिल जुन्याच आकड्यांवर द्यायचं असं मी सुचवलं होतं. मंडळाने ठरवलं, नव्यावर. मी फारसा वाद घातला नाही. घालायला हवा होता, पुढे बघा.

११ जून

लिटरची भानगड. पूर्वी आम्ही मापाने घ्यायचो. आता काटा किलो मोजतो आणि १.०३ ने भागून लिटर छापतो, कारण एक लिटर दूध साधारण १ किलो ३० ग्रॅम भरतं. एका मावशींचं रोजचं पाच लिटर आज ४.९ आलं. त्या स्पष्ट म्हणाल्या, “यंत्र फटयता. आमी लिटरान दूद घालतात, किलोन न्हय.” (यंत्र फसवतं. आम्ही लिटरने दूध घालतो, किलोने नाही.) मागच्या दोघींनी मान हलवली. मी १.०३ समजावून सांगू लागले तर चेहऱ्यावर कळत होतं की कुणाला पटत नाही.

संध्याकाळी वेगळं केलं. मोहोर असलेलं लिटरचं माप टेबलावर मांडलं, सहा जणांच्या बरण्यांतलं दूध फेस बसेपर्यंत दहा मिनिटं तसंच ठेवलं, आणि सगळ्यांसमोर माप भरभरून ओतलं. चार बरण्या काट्याशी जुळल्या. दोघांच्या बाबतीत उलटं निघालं. आमचा जुना मदतनीस माप काठाच्या वर ओसंडेपर्यंत भरून घ्यायचा आणि इतकी वर्षं त्या दोघांचंच दूध जास्त जात होतं. मावशींच्या बरणीत धार काढल्याचा ताजा फेस असायचा, तो मापात धरला जायचा. त्यांनी स्वतः वाकून माप बघितलं आणि काही न बोलता बरणी उचलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी बरणी दहा मिनिटं कट्ट्यावर ठेवली आणि मग रांगेत लागल्या.

१४ जून

या प्रकल्पातली सगळ्यात मोठी चूक. ॲनालायझरमध्ये गाय, म्हैस आणि मिश्र असे तीन वेगळे पर्याय आहेत. ११ तारखेपासून तीन दिवस म्हशींचं दूध गाईच्या पर्यायावर तपासलं गेलं. सकाळच्या गर्दीत मी पहिलं बटण दाबून ठेवलं होतं आणि पुढे बदललंच नाही. गर्बरच्या दहा नमुन्यांत योगायोगाने तीनही दिवस गाईचंच दूध आलं, म्हणून तिथेही पकडलं गेलं नाही. नमुने निवडताना रांगेतले पहिले दहा घेत होते, आणि म्हशीवाले वरच्या वाड्यावरून येतात, शेवटी पोचतात.

एका काकांनी पावती हातात धरून विचारलं, माझी म्हैस तीच, पेंड तीच, मग फॅट ६.४ ची ५.१ कशी? तेव्हा कळलं. ११ सभासद, १८६ लिटर दूध, कमी दिलेली रक्कम १,३४८ रुपये. रात्री सेक्रेटरीताईंना फोन केला, मग दोन दिवसांत अकराही घरी जाऊन सांगितलं. कुणी रागावलं नाही असं म्हणता येणार नाही. वरच्या वाड्यावरच्या एका घरात मला अंगणातच उभं ठेवून ऐकून घेतलं. आकडा आणि कारण केंद्राच्या फळ्यावर माझ्या नावाने लिहिलं आणि पुढच्या बिलापर्यंत पुसलं नाही.

रक्कम कुणी भरायची? मी माझ्या पगारातून कापा म्हटलं. रविवारच्या बैठकीत चेअरमनकाकांनी ते मानलं नाही. त्यांचं म्हणणं, बिल नव्या आकड्यांवर द्यायचा निर्णय मंडळाचा होता, तेव्हा भरपाई संस्थेची. मला ते तेव्हा फार लागलं, कारण मला शिक्षा हवी होती. आता वाटतं, पगारातून कापलं असतं तर पुढच्या वेळी चूक सांगायला कुणी पुढे आलं नसतं.

बदल तीन: म्हशीचं दूध वेगळ्या बाजूने, वेगळ्या वेळेत. नमुने पहिले दहा न घेता वहीतल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढून. आणि कागदावर तिसऱ्या रकान्यात नवी ओळ: सभासदाच्या बिलाला हात लागेल अशी कुठलीही गोष्ट, रक्कम एक रुपया असली तरी आधी विचारायची.

२६ जून

यंत्र आणि गर्बर यांच्यात ०.३ चा फरक येऊ लागला. कारण दोन. एक, बाटली हलवून लगेच नमुना दिला जात होता. बुडबुडे असले की यंत्राचा आकडा चुकतो, म्हणून बाटली हळू उलटीसुलटी करायची आणि थोडं थांबायचं. दोन, सफाई. दर संकलनानंतर साधं पाणी, रात्री रोजचा क्लीनर, आठवड्यातून एकदा आम्लाचा. आम्लाचा आठवडा मी विसरले होते, आत दुधाचा थर बसला होता. याच डब्यावर एप्रिलमध्ये चार दिवस घालवले होते.

तंत्रज्ञाने शिल्लक राहिलेला ०.१ चा फरक कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे यंत्राचे आकडे जुळवायच्या सेटिंगमध्ये दुरुस्त केला. तेव्हा लक्षात आलं की बटणं दाबून कुणालाही सगळ्या गावाची फॅट वरखाली करता येईल. सभासदांनाही हे कळतं, ते बोलत नाहीत इतकंच. म्हणून पासवर्ड घातला, तो बंद पाकिटात सेक्रेटरीताईंकडे. कॅलिब्रेशन उघडायचं तर मंडळाबाहेरचे दोन सभासद हजर हवेत आणि जुना-नवा आकडा रजिस्टरात लिहून त्यांच्या सह्या. ही कल्पना ज्या काकांनी फॅटची चूक पकडली त्यांची. पहिली सही त्यांचीच आहे.

८ जुलै

घरचा प्रश्न. माझ्या सासूबाई सभासद आहेत, दोन गाई. त्यांचं दूध मीच तपासते. हातमाप असताना कुणी काही बोललं नव्हतं, पण आता सगळं माझ्या हाताखाली. घरी आईंना सांगितलं की उद्यापासून आपली बरणी केंद्रातली दुसरी मुलगी तपासेल. त्या म्हणाल्या, लोक काय म्हणतील, सुनेचा सासूवर भरवसा नाही? दोन दिवस घरात शांतता होती. तरी केलं. टेस्टर असतानाच करायला हवं होतं.

१९ जुलै

रात्री वीज कोसळली. सकाळी सभासदांना आकडा दाखवणारा डिस्प्ले आणि यूपीएसचं कार्ड, दोन्ही गेलं. यंत्र वाचलं, बहुधा नव्या अर्थिंगमुळे. डिस्प्लेशिवाय संकलन केलं तर जूनपासून कमावलेला भरवसा जाईल असं वाटलं. फोन लागेना, रस्त्यावर झाड पडलेलं. मी दुपारी वळसा घालून म्हापशाला गेले, ९,२०० रुपयांचं सामान उधारीवर आणलं, संध्याकाळचं संकलन डिस्प्लेसह झालं.

रविवारी दोन संचालक चिडले. ५,००० च्या वरचा खर्च, विचारलं नाही. मी म्हटलं फोन लागत नव्हता. त्यावर एक संचालक म्हणाले, माझं घर तुझ्या वाटेवर आहे, दारावर थाप मारायची होतीस. खरंच होतं. घाईत मला ते सुचलंच नाही. एप्रिलमध्ये ४०० रुपयांसाठी चार दिवस थांबणारी मी जुलैत ९,२०० न विचारता खर्च करून आले. मधली जागा सापडायला कागदावर आणखी एक ओळ लागली: तातडीचं असेल तर कुठल्याही दोन संचालकांचा तोंडी होकार, दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टरात नोंद. एक संध्याकाळ आपण जुन्या पद्धतीने गर्बरवर काढू शकलो असतो, हेही तेव्हाच लिहून ठेवलं.

५ ते १० सप्टेंबर

७ तारखेची चतुर्थी. मी मुद्दाम सहा दिवस रजा घेतली, फोन करायचा नाही असं ठरवून. हे काम माझ्याशिवाय चालतं का, ते मला सभेआधी बघायचं होतं. चतुर्थीत घरोघरी पायस आणि गोडधोड, त्यामुळे दूध घरीच राहतं, संकलन निम्म्यावर येतं. शिकायला हेच दिवस बरे. मदतनीस मुलीला ऑगस्टभर शिकवलं होतं.

परत आले तेव्हा वहीत तिच्या तीन नोंदी होत्या. प्रिंटरचा रोल संपला, सुट्टीत दुकान बंद, म्हणून हाताने पावत्या. एका सकाळी यंत्राने सफाईची सूचना दाखवून अडवलं, तर तिने न घाबरता गर्बर काढलं. आणि तिसरी: ‘क्लीनर कुठे ठेवता ते ताईंनी सांगितलं नव्हतं, शोधायला पाऊण तास.’ आता डब्यांवर आणि कपाटावर नावं चिकटवली आहेत, रोलचे दोन जादा नग कायम.

२२ सप्टेंबर

वार्षिक सर्वसाधारण सभा. मार्चअखेरपासून सहा महिन्यांच्या आत घ्यावीच लागते. मी हिशेब वाचला:

ॲनालायझर ५८,०००. वजनकाटा १३,५००. संगणक संच आणि प्रिंटर ३४,०००. यूपीएस आणि बॅटरी १६,५००. अर्थिंग ६,८००. वायरिंग ४,२००. यंत्रासाठी कट्टा आणि फरशी ३,६००. मोहोर १,१५०. विजेचं नुकसान ९,२००. सभासदांना परत दिलेले १,३४८. एकूण १,४८,२९८ रुपये. मर्यादेपेक्षा ३,२९८ जास्त.

भरपाईची ओळ ‘इतर खर्च’मध्ये घालावी असं एकाने आधी सुचवलं होतं. मी ती वेगळी ठेवली. सभेत त्यावर प्रश्न आलाच नाही, फळ्यावर सगळ्यांनी वाचलेलं होतं. प्रश्न आला तो मी विचारच न केलेल्या गोष्टीवर. एक वयस्कर सभासद उभे राहिले आणि म्हणाले, हमीचं वर्ष संपल्यावर दुरुस्तीचे पैसे कुठून? माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं सांगितलं. वार्षिक देखभालीचा आकडा मी कोटेशनमध्ये मागितलाच नव्हता. सभेने चौथी पायरी मंजूर केली, पण अट घातली: ३१ डिसेंबरपर्यंत देखभालीची तरतूद मी मंडळापुढे मांडायची, वाढ त्यानंतर लागू. आधी वाईट वाटलं. घरी जाताना अट वाजवी आहे असं वाटू लागलं.

६ ऑक्टोबर

दोन कंपन्यांकडून देखभालीचे दर मागवले. दर लिटरमागे पाच पैसे बाजूला काढले तर रोजचे २८ रुपये, वर्षाला १०,००० च्या थोडे वर. मंडळापुढे हेच मांडणार.

दुपारी मदतनीस मुलगी वही घेऊन आली. पशुखाद्याच्या गोदामाचं काम तिला घ्यायचं आहे, त्यातली गळती आणि उधारी. तिची संकलन कारकुनाची पायरी त्यावर अवलंबून आहे. तीन रकान्यांचा कागद तिने आधीच आखून आणला होता. ‘मी आधी विचारीन’ खाली अकरा ओळी, ‘मी ठरवीन’ खाली एकही नाही. सेक्रेटरीताई, ती आणि मी कट्ट्यावर बसलो आणि पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली. पहिली ओळ तिनेच लिहिली: रिकाम्या गोणींची विक्री, ५०० रुपयांपर्यंत.